घाबरलेल्या मुलाचा स्कोअर काढला, पुढे काय?

शाळेच्या फीची आठवण यावी, तशी आता पालकांच्या मोबाइलवर मुलांच्या मनाची प्रश्नावली येते. वीस-तीस प्रश्न, तीन-चार पर्याय, शेवटी एक आकडा आणि त्या आकड्याला रंग. हिरवा, पिवळा, लाल. मुलात चिंता किती, सगळं परफेक्टच हवं हा ध्यास किती, दहा मिनिटांत उत्तर तयार. काही शाळा हे बाहेरच्या कंपनीकडून विकत घेतात, काही एखाद्या अ‍ॅपवर फुकटात उरकतात. आणि मग स्नेहसंमेलनात स्टेजवरून सांगतात, "आमच्याकडे मुलांच्या मानसिक आरोग्याची तपासणी होते."

दुसऱ्या टोकाला आपल्याच घरातली मंडळी आहेत. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." "नमाजची पाबंदी कर, सगळं ठीक होईल." "मोबाइल काढून घ्या, चिंता आपोआप पळेल."

माझं भांडण या दोघांशीही आहे. पहिल्यांना वाटतं, आकडा काढला की काम झालं. दुसऱ्यांना वाटतं, आकडा काढलाच नाही तर दुखणंच नाही. दोघांच्या मधे मूल जिथल्या तिथे उभं राहतं. हे भांडण बारीकसारीक नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांच्या यादीत आपला महाराष्ट्र सगळ्यात वर होता.

ही साधनं आहेत तरी काय?

आधी साधनांना त्यांचा मान देऊ. ती थट्टेवारी नेण्यासारखी नाहीत. 1978 मध्ये रेनॉल्ड्स आणि रिचमंड यांनी मुलांच्या चिंतेची एक प्रश्नावली सुधारून आणली. तिच्यात 37 विधानं होती. 28 चिंतेची, आणि 9 मूल स्वतःला फार चांगलं दाखवत नाही ना, हे ताडण्यासाठी. 1997 मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये बिर्माहेर आणि सहकाऱ्यांनी 'स्केअर्ड' नावाची प्रश्नावली तयार केली. आज तिची 41 विधानांची आवृत्ती वापरतात. एक मुलासाठी, एक पालकांसाठी. 25 किंवा जास्त गुण आले तर पुढे तपासा, असा तिचा संकेत आहे. ऑस्ट्रेलियात सुसान स्पेन्स यांनी मुलांसाठी वेगळी श्रेणी बनवली. परफेक्शनच्या ध्यासासाठी कॅनडातल्या फ्लेट आणि हेविट यांची 22 विधानांची श्रेणी आहे. तिचे दोन भाग आहेत. मूल स्वतःकडून काय मागतं हा एक, आणि जग आपल्याकडून काय मागतंय असं त्याला वाटतं हा दुसरा.

या माणसांनी वर्षानुवर्षं मेहनत केली आणि आपल्या साधनाच्या मर्यादाही लिहून ठेवल्या. गडबड पुढे होते. मूळ लेखातली मर्यादांची पानं गळतात आणि अ‍ॅपमध्ये फक्त लाल रंग उरतो.

एक साधं गणित

मी सॉफ्टवेअर लिहिते. सर्व्हर आजारी पडला तर अलर्ट वाजावा, अशी यंत्रणा बांधणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. या धंद्यात पहिला धडा हाच मिळतो की अलर्ट आणि बिघाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा वेळा खोटा अलर्ट वाजला की अकराव्या वेळी खरा वाजला तरी कुणी उठत नाही.

आता मुलांचं बघू. शाळांमध्ये सर्रास वापरली जाणारी 'गॅड-7' ही सात प्रश्नांची यादी 2006 साली अमेरिकेतल्या दवाखान्यांत आलेल्या मोठ्या माणसांवर तपासून तयार झाली. 21 पैकी 10 गुणांची रेघ धरली तर तिने आजार असलेल्या 100 पैकी 89 जणांना बरोबर पकडलं आणि आजार नसलेल्या 100 पैकी 82 जणांना बरोबर सोडलं, असं तेव्हा दिसलं. उत्तम निकाल. औदार्याने धरून चालू की ती आपल्या सातवीतल्या मुलांनाही इतकीच लागू पडते.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटात सगळे मानसिक विकार मिळून प्रमाण 7.3 टक्के आलं होतं. आपण 1000 मुलांच्या शाळेत 70 मुलांना खरोखर चिंतेचा विकार आहे असं समजू. यादी त्यातल्या 62 जणांना पकडेल, 8 जण सुटतील. उरलेल्या 930 निरोगी मुलांपैकी 18 टक्के, म्हणजे 167 मुलं, विनाकारण लाल होतील. एकूण लाल 229. त्यातली खरी 62. म्हणजे लाल रंगातल्या दर चार मुलांपैकी जवळपास तिघांना तो विकार नाहीच.

यात यादीचा दोष नाही. चाळणीचं कामच असं असतं. चाळून झाल्यावर कुणीतरी जाणत्याने हाताने निवडायचं असतं. म्हणूनच अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्य कृती दलाने ऑक्टोबर 2022 मध्ये 8 ते 18 वयाच्या मुलांची चिंतेसाठी चाळणी करा अशी शिफारस केली, तेव्हा चाळणीत सापडलेल्या मुलाची नीट तपासणी आणि पुढची सोयही त्यात धरली होती. सात वर्षं आणि त्याखालच्या मुलांबद्दल पुरेसा पुरावा नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. आपल्याकडे लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. 229 मुलांची यादी हातात घेऊन मुख्याध्यापकांनी जायचं कुठे?

कुठेच नाही. मग यादी भलतीकडेच जाते. माझ्या ओळखीतल्या एका शाळेत ती पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली. सातवीतल्या एका मुलीला दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं गेलं, "तू रेडवाली ना?" ती आठ दिवस शाळेत गेली नाही. तिची चिंता मोजणाऱ्यांनी तिला एक नवी चिंता दिली, आणि ती मोजायला कुणी आलं नाही.

कुणाच्या भाषेत विचारताय?

भाजीवाल्याच्या काट्यालाही वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो. मुलाच्या मनाला लावायच्या काट्यावर शिक्का कुणाचा?

मालेगावातला उर्दू माध्यमातला मुलगा "मला चिंता वाटते" असं कधी म्हणत नाही. तो म्हणतो, "जी घबराता." मराठी शाळेतली मुलगी म्हणते, "पोटात गोळा येतो," "छातीत धडधडतं," "हातपायच गळाले." रत्नागिरीकडच्या आपल्या घरांत आणखी वेगळी बोली आहे. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, मदरशात तिसरी, अशी कसरत आपली बहुतेक मुलं रोज करतात. त्यांच्यापुढे इंग्रजीवरून घाईघाईने उतरवलेलं पुस्तकी वाक्य ठेवलं की ती अंदाजाने खूण करतात.

परफेक्शनिझमचं तर बोलायलाच नको. 'परिपूर्णतावाद' हा शब्द कोणत्या मुलाने ऐकलाय? पण एका अक्षराची खाडाखोड झाली म्हणून वहीचं अख्खं पान फाडून पुन्हा लिहिणारं मूल प्रत्येक वर्गात आहे. पेपर सोपा जाऊनही एका गुणासाठी जेवण टाकणारं मूल आहे. त्याला त्याच्या शब्दांत विचारलं तर ते सांगेल.

भाषांतराची पद्धत ठरलेली आहे. आधी भाषांतर करायचं, मग दुसऱ्याकडून ते उलट मूळ भाषेत आणून ताडायचं, मग थोड्या मुलांना विचारून बघायचं की यातून तुला काय समजलं, आणि शेवटी दोन्ही भाषांतल्या समान गुणांचा अर्थ समान निघतो का हे आकड्यांनी तपासायचं. पिट्सबर्गच्या दवाखान्यात ठरलेली 25 ची रेघ भिवंडीत जशीच्या तशी ओढायची, तर ती भिवंडीतल्या मुलांवर तपासलेली हवी. तुमच्या शाळेतल्या प्रश्नावलीबद्दल हे विचारा. उत्तर म्हणून सेल्सवाल्याचं माहितीपत्रक पुढे आलं, तर समजून जा.

कोरी दिसणारी उत्तरपत्रिका

चिंतेच्या मोजणीत एक जुनी अडचण आहे आणि ती जगभर आहे. 1987 मध्ये आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी 119 अभ्यास एकत्र करून पाहिलं की मुलाबद्दल मूल स्वतः जे सांगतं आणि मोठी माणसं जे सांगतात ते कितपत जुळतं. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि एक म्हणजे तंतोतंत, असं धरलं तर ते साधारण 0.22 निघालं. अम्मीला वाटतं मुलगा मजेत आहे, मुलगा रात्री दोनला जागा असतो. दोघांपैकी एकालाच विचारलं तर अर्धंच चित्र हाती येतं.

त्यात परफेक्शनच्या ध्यासाने पछाडलेलं मूल ही आणखी कठीण गोष्ट. आपली चूक कुणाला दिसू नये, हेच तर त्याचं दुखणं. ते प्रश्नावलीसुद्धा परीक्षेसारखीच सोडवतं. 'मला भीती वाटते का?' कधीच नाही. 'झोप लागते का?' नेहमी. उत्तरपत्रिका स्वच्छ, रंग हिरवा, बाई खूश. ज्याला सगळ्यात आधी धरायला हवं ते मूल चाळणीतून अलगद निसटतं. यावर उपाय म्हणून आणखी प्रश्न वाढवून भागत नाही. ज्याच्यापुढे चूक कबूल केली तरी काही बिघडत नाही, असं एक तरी मोठं माणूस त्या मुलाला लागतं.

भीतीला कारण असतं तेव्हा

आता खास आपल्या मुलांबद्दल. या प्रश्नावल्या साधारणपणे विचारतात की शाळेत जायची भीती वाटते का, घरच्यांचं काही वाईट होईल असं वाटतं का, लोक आपल्याकडे बघतात तेव्हा अवघडतं का.

ज्याचे अब्बू रात्री टेम्पो घेऊन हायवेवर असतात आणि ज्याच्या मोबाइलवर जमावाने माणूस मारल्याचे व्हिडिओ येत राहतात, त्याने दुसऱ्या प्रश्नाला 'नेहमी' अशी खूण केली तर तो आजारी आहे का? 2022 साली कर्नाटकात हिजाब घातलेल्या मुली कॉलेजच्या गेटवर अडवल्या गेल्या. 2024 मध्ये मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयातल्या अशाच बंदीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हिजाबबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, गेटवर छातीत धडधडणाऱ्या त्या मुलीचा आकडा तिच्या मेंदूबद्दल कमी आणि गेटबद्दल जास्त सांगतो. तो आकडा तिच्या फाईलमध्ये लावून तिला श्वासाचे व्यायाम शिकवायचे आणि गेट तसंच ठेवायचं, याला उपचार म्हणत नाहीत.

याचा अर्थ कारण असलेल्या भीतीला मदत लागत नाही, असा मुळीच नाही. खऱ्या धोक्यातूनही खरा आजार जडतो, आणि त्या मुलाला समुपदेशक हवाच. पण कारण कुठे आहे हे न विचारता सगळा दोष मुलाच्या स्वभावात शोधणारी मोजणी अन्याय करते.

ध्यास मुलाचा की आपला?

फ्लेट-हेविट यांच्या श्रेणीतला दुसरा भाग आठवा. जग आपल्याकडून काय मागतंय असं मुलाला वाटतं, तो. 2019 मध्ये करन आणि हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या 41 हजारांहून जास्त कॉलेज विद्यार्थ्यांची 1989 ते 2016 या काळातली उत्तरं एकत्र मांडली. सगळ्यात जास्त वाढ याच भागात होती, 33 टक्के. हा आकडा आपला नाही. कुणी तो आपल्या शाळकरी मुलांच्या नावावर खपवू लागला तर तिथेच अडवा. पण त्यामागचा प्रश्न आपलाच आहे.

आपल्या मुलांना आपण काय सांगतो? "तुला दुप्पट चांगलं व्हावं लागेल." "तू चुकलास तर लोक पूर्ण कौमला नावं ठेवतील." यात खोटं काहीच नाही, हीच अडचण आहे. उच्च शिक्षणाच्या 2020-21 च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात मुस्लिम विद्यार्थ्यांचा वाटा 4.6 टक्के होता, आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा 14.2 टक्के. तिथवर पोचणारी मुलं थोडी, म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर सगळ्या मोहल्ल्याचं ओझं. नाक्यावर 92 टक्केवालीचा फ्लेक्स लागतो, गुणगौरव समारंभ होतो, आमदारसाहेब येतात. ते जरूर व्हावं. पण त्याच गल्लीतून 58 टक्के घेऊन मान खाली घालून जाणाऱ्या मुलाला आपण किती समारंभ करून सांगतो की तू नापास आहेस?

हिफ्ज करणाऱ्या मुलांचंही तेच. पहाटे सबक, मग शाळा, संध्याकाळी ट्यूशन, रात्री पुन्हा मागचं पाठ. अटकलं की छडी किंवा चारचौघांत बोलणं. मुलाच्या छातीत पवित्र ग्रंथ ठेवायचा आणि त्याच छातीत धडकीही भरायची, हे कुठल्या तालमीत बसतं? राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने 2022 मध्ये देशभरातल्या सहावी ते बारावीच्या 3.79 लाख विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा 81 टक्के मुलांनी चिंतेचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल सांगितलं. म्हणजे कारण मुलांनी सांगून झालंय. ऐकायचं आपण बाकी आहोत.

आणि 'ईमान कमजोर आहे' म्हणणाऱ्या बुजुर्गांसाठी एक आठवण. दहाव्या शतकात वारलेले बल्खचे अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन यांच्या स्वास्थ्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी भीती, दुःख, राग आणि वसवसा यांची वेगवेगळी प्रकरणं केली आणि मनालाही शरीरासारखीच दुखणी होतात व त्यांवर इलाज असतो, असं मांडलं. हजार वर्षांपूर्वी आपल्या विद्वानाला हे कळलं होतं. दुआ करा, जरूर करा. ताप आला तर दुआही करतो आणि डॉक्टरकडेही नेतो ना?

मग मोजायचंच नाही का?

"काहीच न करण्यापेक्षा प्रश्नावली बरी," असं म्हणणारे बरेच भेटतील. मला हे पटत नाही. ज्या इमारतीत बाहेर पडायला दरवाजा नाही, तिथे फायर अलार्म बसवून फक्त चेंगराचेंगरी होते. आधी दरवाजा, मग अलार्म.

मोजा, पण काही अटींवर. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडणं व चारचौघांत पाणउतारा करणं टाळायचं. कोचिंग क्लासही यात आले. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. सवलतीची पळवाट शोधत बसणाऱ्या शाळेला मुलाची इज्जत ठाऊक नाही, एवढंच मी म्हणेन.

तुमच्यापैकी बरेच जण कुणाचे तरी मोठे भाऊ, आपा, मामू किंवा खाला आहात. फी भरायला, पालकसभेला अम्मी-अब्बूंच्या जागी तुम्हीच जाता. पुढच्या वेळी प्रश्नावलीची लिंक आली की शाळेला हे पाच प्रश्न लेखी विचारा:

1. ही प्रश्नावली कोणती, आणि आमच्या मुलांच्या भाषेत व वयात ती कुणी तपासली?
2. लाल रंग आला तर मुलाशी समोर बसून कोण बोलणार, आणि किती दिवसांत?
3. गुण कोण बघणार, कुठे साठवणार, कधी पुसणार?
4. मुलाने 'मला भरायचं नाही' म्हटलं तर चालेल का?
5. बऱ्याच मुलांचा आकडा वर गेला तर शाळा स्वतःत काय बदलणार?

पाचव्या प्रश्नावर सगळ्यात जास्त शांतता पसरेल. तिथे चिकाटी सोडू नका. एका वर्गातली निम्मी मुलं लाल आली, तर तपासणी त्या वर्गाची व्हायला हवी.

शाळा उत्तर देईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 रात्रंदिवस मोफत चालू असते. तो नंबर मोहल्ल्यातल्या ट्यूशन क्लासच्या, मदरशाच्या आणि अभ्यासिकेच्या भिंतीवर लावा. यंदाच्या गुणगौरव समारंभात टक्के न विचारता दहावी-बारावीला बसलेल्या प्रत्येक मुलाला बोलवा. आणि घरातलं एखादं मूल वहीचं पान तिसऱ्यांदा फाडताना दिसलं, तर त्याला गुण देऊ नका, उपदेशही देऊ नका. शेजारी बसा आणि खाडाखोड असलेलं ते पान त्याच्या वहीत तसंच राहू द्या.